काकांच्या ६४ कॅसेटी : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, डोंबिवली

दापोलीहून दादाच्या गाडीतून दोन पत्र्याच्या ट्रंका आज घरी पोचल्या. काका गेल्यापासून, म्हणजे २०१९ पासून, त्या माळ्यावर होत्या. कोकणातले पाच-सहा पावसाळे माळ्यावर काढल्यावर आत काय उरलं असेल याची धास्ती होती. झाकण उघडल्याबरोबर ओल्या पुठ्ठ्याचा वास आला.

काकांनी टीव्हीवरून भरलेल्या कॅसेटी संगणकावर उतरवून ठेवायच्या, असा हा प्रकल्प. मोजदाद अशी. एकूण ६४ व्हीएचएस कॅसेटी. त्यांतल्या ४९ तीन तासांच्या, ११ दोन तासांच्या, ४ चार तासांच्या. खिडकीतून पाहिलं की फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके किंवा जाळी दिसते, अशा बुरशी लागलेल्या २३. त्या वेगळ्या पिशव्यांत बांधून गॅलरीत ठेवल्या. खोलीतल्या बाकीच्यांना लागण नको.

ट्रंकेच्या तळाशी काकांचं रजिस्टर सापडलं. हे मिळेल असं वाटलं नव्हतं. लाल कापडी पुठ्ठ्याचं, रेल्वेत मिळायचं तसलं. रकाने आखलेले : कॅसेट क्रमांक, तारीख, कार्यक्रम, लांबी, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात दोनच खुणा, ‘रा.’ आणि ‘पु.’. राखायची आणि पुसायला हरकत नाही. पहिली नोंद १९८६ ची.

‘पु.’ खूपच जास्त आहेत. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यात, पाळीची ड्यूटी. दूरदर्शन एकच, कार्यक्रम ठरल्या वेळी एकदाच लागणार. संध्याकाळची पाळी असली की आठवडाभर काही दिसायचं नाही. त्यांनी दुबईहून आलेला व्हीसीआर शेजाऱ्यांकडून विकत घेतला तो यासाठी. कार्यक्रम भरून ठेवायचा, रात्री उशिरा घरी आल्यावर जेवताना पाहायचा, आणि तीच कॅसेट पुढच्या आठवड्यात पुन्हा वापरायची. अमेरिकेत याच वापरावरून सोनीवर खटला झाला होता. नंतर पाहण्यासाठी घरी रेकॉर्डिंग करणं हा कॉपीराइटचा भंग नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ ला दिला, तोही ५ विरुद्ध ४ अशा एका मताच्या फरकाने. काकांना तो खटला माहीत असण्याचं कारण नाही, पण निकालात ज्या माणसाचं वर्णन आहे तो माणूस काकाच होते.

१८ जानेवारी

यंत्रं. काकांचा पहिला व्हीसीआर केव्हाच गेला. दुसरा १९९६ चा, विश्वचषकासाठी घेतलेला, आहे. चालू केला तर कॅसेट आत घेतो आणि लगेच बाहेर टाकतो. स्टेशनजवळ एक जुने मेकॅनिक आहेत, आता मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करतात. त्यांनी झाकण उघडलं आणि न बघताच म्हणाले, “बेल्ट सैल झालाय, पिंच रोलर कडक झालाय.” बेल्ट त्यांच्याकडे होता. पिंच रोलर, म्हणजे फितीला दाबून पुढे ओढणारी रबरी चाकी, त्यांनी दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून काढून बसवली. नवीन सुटा भाग मिळण्याचा प्रश्नच नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं.

हेड, म्हणजे फितीवरचं चित्र वाचणारा, फिरत्या ड्रमवरचा भाग, त्यांनी माझ्याकडून साफ करून घेतलं, शिकवण्यासाठी. शामॉयचा, म्हणजे मऊ चामड्याचा, तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करायचा, ड्रमला टेकवून स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवायचा. तुकडा वर-खाली घासायचा नाही. हेडचं टोक इतकं नाजूक असतं की उभ्या दिशेने घासलं तर तुटतं. इअरबडचा कापूस वापरायचा नाही, त्याचा धागा अडकतो.

तो ड्रम मी पहिल्यांदाच उघडा पाहिला. ६२ मिलिमीटर व्यासाचा, तिरका बसवलेला, मिनिटाला १५०० फेरे. फीत मात्र सेकंदाला जेमतेम २.३ सेंटीमीटर सरकते. एवढ्या सावकाश फितीवर चित्र मावत नाही, म्हणून हेडच फिरतं आणि फितीवर तिरक्या रेघा ओढत जातं. एका रेघेत अर्धी फ्रेम. हेड आणि फीत यांच्यातला खरा वेग त्यामुळे सेकंदाला ४.८ मीटरच्या पुढे जातो. आपण ट्रॅकिंगचं बटण फिरवायचो तेव्हा हेड त्या तिरक्या रेघेवर बरोबर यावं एवढीच धडपड असायची.

बुरशीवाल्या कॅसेटींसाठी लॅमिंग्टन रोडवरून एक जुना व्हीसीपी, म्हणजे कॅसेट नुसती दाखवणारं यंत्र, आणलाय. त्याचा बळी द्यायचा आहे. चांगल्या यंत्रात बुरशीची फीत एकदा फिरली की पुढच्या प्रत्येक कॅसेटीला ती लागते.

२६ जानेवारी

पहिली चाचणी, कॅसेट क्र. ४४. व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारं स्वस्तातलं यूएसबी कॅप्चर यंत्र थेट जोडलं. चित्र आलं, पण उभ्या रेषा पाण्यात दिसाव्यात तशा लवलवतात, आणि वीस मिनिटांनी ओठ आणि आवाज जुळेनासे झाले. मोजलं तर फ्रेमा गळत होत्या.

कारण यंत्रात नाही, फितीत आहे. फीत ताणते, सैल पडते, म्हणून चित्राची प्रत्येक ओळ थोडी लवकर किंवा उशिरा येते. जुने टीव्ही हे सांभाळून घ्यायचे, कारण त्यांना तेच येत होतं. संगणकाला घड्याळासारखा नेमका सिग्नल लागतो. तसा नाही मिळाला तर तो फ्रेम टाकून देतो.

उपाय : मध्ये पॅनासॉनिकचा एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर. त्याच्यात काही रेकॉर्ड करायचं नाही. फक्त एका बाजूने सिग्नल आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. जाता जाता तो प्रत्येक ओळ सरळ करून देतो. टेपा संगणकावर उतरवणाऱ्या हौशी लोकांमध्ये या कामासाठी तो प्रसिद्ध आहे. दोन पिढ्यांच्या मधलं हे यंत्र, कॅसेट संपत आली आणि हार्ड डिस्क घरोघरी आली नव्हती तेव्हाचं. त्याचा खरा उपयोग आत्ता होतोय.

पुन्हा चाचणी. तीन तास, एकही फ्रेम गळली नाही.

२ फेब्रुवारी

साठवायचं कशात, हे आज ठरवलं. ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेमा, काहीच न दाबता ठेवलं तर तासाला ७५ जीबीच्या आसपास. परवडत नाही. एच.२६४ या चित्र दाबून लहान करणाऱ्या फॉरमॅटमध्ये तासाला दोन-तीन जीबीत काम होतं, पण त्यात चित्रातल्या मुंग्यांबरोबर बारीक तपशीलही जातो आणि परत येत नाही. मधला मार्ग एफएफव्ही१. यात चित्र दाबलं जातं पण एकही ठिपका हरवत नाही आणि हा उघडा फॉरमॅट आहे, कुठल्या कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही. माझ्या चाचणीत तासाला २८ जीबी आले.

एकूण तास : साध्या वेगाने १८५. नऊ कॅसेटी काकांनी एलपीमध्ये, म्हणजे अर्ध्या वेगाने दुप्पट भरल्यात, त्या धरून २१२. म्हणजे सहा टीबीच्या जवळ. आठ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या. एक इथे, एक दादाकडे.

आणि २१२ तास म्हणजे खरोखरच २१२ तास. फीत तिच्या वेगानेच वाचावी लागते. संगणक कितीही वेगवान असो, तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच.

८ फेब्रुवारी

बुरशी. हे काम कोरड्या हवेतच, म्हणून फेब्रुवारी. गॅलरीत टेबल, तोंडावर एन-९५ मास्क. व्हीसीपीचं झाकण काढून फितीच्या वाटेवर दोन ठिकाणी मऊ कापड धरलं आणि कॅसेट पुढे-मागे फिरवली. कापडावर राखाडी-पांढरी भुकटी जमते. कापड बदलायचं, पुन्हा फिरवायचं. एका कॅसेटीला चार-पाच फेऱ्या, दर कॅसेटीनंतर यंत्राची पूर्ण सफाई.

आज तीन झाल्या. क्र. ९ ची फीत तुटली. जोड दिला. दोन सेकंदांचं चित्र गेलं.

ज्यांच्या घरात अजून कॅसेटी आहेत त्यांना एक सांगते. आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आणि पांढरं काही दिसलं तर ‘लावून तर बघू’ म्हणून यंत्रात घालू नका.

१६ फेब्रुवारी

आतापर्यंत ११ कॅसेटी उतरल्या. काकांची एक सवय चित्रात दिसायला लागलीय. ते समोर बसलेले असले की जाहिराती गाळायचे. जाहिरात लागली की पॉज, कार्यक्रम सुरू झाला की पुन्हा पॉज. पण माणसाच्या बोटाला उशीर होतोच. त्यामुळे प्रत्येक जाहिरातीची पहिली दीड सेकंदं फितीवर आहेत : साबणाचा फेस, स्कूटरचं चाक, आणि खटकन चित्र उडून पुन्हा निवेदिका. कार्यक्रम परत सुरू होताना मात्र एक-दोन शब्द गेलेले.

संपादन करताना ही दीड सेकंदं सहज काढता येतील. काढणार नाही. रविवारी दुपारी लुंगी नेसून, रिमोट नव्हता तेव्हा व्हीसीआरच्या अगदी पुढ्यात पाटावर बसलेले काका मला त्यात दिसतात. पॉजवर बोट, डोळे पडद्यावर. आम्हा मुलांना त्या वेळी बोलायची बंदी असे.

रजिस्टरमध्ये काही नोंदींपुढे ‘वीज गेली’ असं आहे. टायमर लावून ड्यूटीवर जायचे, आणि मध्ये वीज गेली की व्हीसीआरचं घड्याळ शून्यावर येऊन नुसतं लुकलुकत बसायचं. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी ते लांबूनच घड्याळाकडे बघत.

क्र. ५२ अमेरिकेतून आलेली, मावसभावाकडच्या लग्नाची आणि मागे तिथल्या टीव्हीवरच्या कार्यक्रमाची. ती एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्हीच्या चित्रपद्धतीतली. आपल्याकडे पाल पद्धत, त्यामुळे इथल्या व्हीसीआरवर ती कधीच नीट दिसली नाही. काकांनी तीही जपून ठेवलीय, शेरा ‘रा.’. वेगळं यंत्र मिळेपर्यंत बाजूला.

२३ फेब्रुवारी

आज दुबईत भारत-पाकिस्तान सामना. बाहेरच्या खोलीत सगळे मोबाइल टीव्हीला जोडून बघत होते. मी आत कॅसेट क्र. १७ लावली होती : शारजा, २२ एप्रिल १९९८, ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिनच्या १४३ धावा. धुळीचं वादळ येतं, खेळाडू जमिनीवर पालथे पडतात. हा सामना आज कुणालाही सहज बघायला मिळतो, माझ्या प्रतीपेक्षा स्वच्छ. तो उतरवायचा कंटाळाच आला होता. पण नियम ठेवलाय की कॅसेट पूर्ण फिरवायची, फीत संपेपर्यंत.

सामना संपला. मुंग्या आल्या. व्हीसीआरच्या आवाजात फरक पडला, त्याने आपणहून वेग बदलला. आणि चित्र आलं : दुसरंच, फिकट, जुनं.

काय झालं ते रजिस्टरवरून उलगडलं. क्र. १७ वर आधी १९८७ चा एक चित्रपट होता, साध्या वेगाने भरलेला. शेरा ‘पु.’. अकरा वर्षांनी काकांनी तिच्यावर भारताचा डाव भरला, एलपीमध्ये. एलपीला निम्मीच फीत लागते. साडेतीन तासांच्या डावाला पावणेदोन तासांची फीत पुरली. पुसणारं हेड जिथवर गेलं तिथवरचं गेलं, पुढचा सव्वा तास जसाच्या तसा राहिला. त्यात चित्रपटाचा उत्तरार्ध आहेच. पण चित्रपट संपल्यावर त्या दिवशी काका रेकॉर्डिंग बंद करायचं विसरले, किंवा डोळा लागला. कॅसेट संपेपर्यंत मशीन चालू राहिलं. बावीस मिनिटं.

त्या बावीस मिनिटांत मुंबई दूरदर्शनची ‘साप्ताहिकी’ आहे. पुढच्या आठवड्यात काय काय लागणार हे सांगणारी. निवेदिका शांतपणे, एकेक वार घेऊन सांगते. मध्येच चित्र जातं आणि ‘व्यत्यय’ अशी पाटी येते. ती पाटी पावणेचार मिनिटं तशीच आहे. मग साप्ताहिकी पुढे सुरू.

मी रजिस्टरचं पुढचं पान उघडलं. साप्ताहिकीत सांगितलेले तीन कार्यक्रम, त्याच वारी, त्याच वेळी, काकांच्या अक्षरात. दोन पुढे ड्यूटीची पाळी लिहिलेली. हेच त्यांचं वेळापत्रक होतं. कागद-पेन्सिल घेऊन साप्ताहिकीपुढे बसायचं आणि आठवड्याचं रेकॉर्डिंग ठरवायचं. आजच्या बॉक्समध्ये बटण दाबलं की आठवड्याची यादी येते, तिच्या जागी ही बाई होती.

साप्ताहिकी मुद्दाम कोण राखणार? त्या काळी ती दुसऱ्या आठवड्यात शिळी व्हायची. दूरचित्रवाणी संस्थांनीही आपल्या टेपा महाग म्हणून पुसून पुन्हा वापरल्या. बीबीसीच्या कितीतरी मालिकांचे भाग असेच नाहीसे झाले. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी मात्र ठरवून उलटं केलं. १९७९ च्या सुमारापासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्या घरात बातम्यांचं रेकॉर्डिंग दिवसरात्र चालू होतं. सुमारे ७१ हजार टेपा जमल्या, त्या इंटरनेट अर्काइव्हकडे गेल्या. त्यांनी जाणीवपूर्वक केलं. आमच्या काकांच्या हातून विसरण्यामुळे बावीस मिनिटं वाचली. ती मला शारजापेक्षा मोलाची वाटतात आणि मी ती तीनदा पाहिली.

बाहेर भारत जिंकला, फटाके झाले. तो सामना घरात कुणी रेकॉर्ड केला नाही. करायचा विचारही कुणाच्या मनात आला नाही.

८ मार्च

३१ झाल्या. रजिस्टर आज शेवटपर्यंत वाचलं. शेवटची नोंद जून २००९. नंतर अर्धं रजिस्टर कोरं.

२००९ मध्ये काकांनी रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स घेतला. आपल्याकडे डीटीएचवाल्यांनी असे बॉक्स त्याच्या जरा आधी आणले होते. अमेरिकेत टिवो आणि रिप्लेटीव्ही १९९९ लाच आले, आणि मावसभावाने तेव्हा फोनवर सांगितलं होतं की चालू कार्यक्रम थांबवून ठेवता येतो, उठून चहा करून यावं आणि तिथूनच पुढे बघावं. काकांना ते खरं वाटलं नव्हतं. स्वतःच्या घरी बॉक्स आल्यावर पहिले काही दिवस ते बातम्या थांबवून बघायचे, उगीचच.

मला त्या बॉक्सबद्दल मनापासून आदर आहे, हे आधी लिहिते. व्हीएचएस प्रत काढताना चित्र निम्म्यावर येतं. रंग पसरतात, आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा उरतो. बॉक्स तसं काही करत नाही. उपग्रहावरून जे आकडे येतात तेच आकडे तो डिस्कवर लिहितो. प्रत आणि मूळ यात फरकच नाही. कॅसेट शोधणं नाही, गुंडाळणं नाही, घड्याळ लावणं नाही. रजिस्टरची गरज संपली ती त्यामुळे.

पण ते आकडे कुलूपबंद लिहिले जातात आणि किल्ली त्याच बॉक्सच्या पोटात असते. डिस्क काढून संगणकाला लावली तर काही वाचता येत नाही. तसाच दुसरा बॉक्स आणला तरी नाही. शिवाय डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, आणि पुसलं ते पुसलं. कॅसेट क्र. १७ सारखं शेपूट मागे राहत नाही.

आमचा बॉक्स २०१६ मध्ये बंद पडला. कंपनीचा माणूस आला, नवीन बॉक्स लावला आणि जुना घेऊन गेला. नियमच तसा होता, बॉक्स त्यांच्या मालकीचा. सात वर्षांचं रेकॉर्डिंग त्यात गेलं. काकू तेव्हा फारसं बोलली नव्हती. तिचं काय गेलं हे मला अजून माहीत नाही.

१५ मार्च, दापोली

शिमग्याला आलेय. पालखी उद्या आमच्या घरी. रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर काकूला साप्ताहिकी दाखवली. तिने चष्मा लावला, आणि निवेदिकेच्या आधी तिची साडी ओळखली. “हिच्यासारखी मी घेतली होती, दादरला.”

मग मी विचारलं, “काकू, बॉक्स गेला तेव्हा त्यात तुझं काही होतं का गं?”

“अगं, मंगळागौर होती ना आमची.”

२०११ चा श्रावण. डोंबिवलीच्या तिच्या महिला मंडळाचा मंगळागौरीचा कार्यक्रम एका मराठी वाहिनीवर लागला होता. अर्धा तास. फुगड्या, झिम्मा, पिंगा, आणि काकूने एकसष्टाव्या वर्षी कोंबडा घातला होता. काकांनी बॉक्समध्ये भरून ठेवला आणि पाहुणे आले की लावायचे. कॅसेटीवर घ्यायचं म्हणायचे, राहून गेलं.

“तुमच्यातल्या आणखी कुणी भरला होता का?”

“त्या वेळी सगळ्यांनीच बघितला. भरायला कुणाकडे काय होतं?” मग थोड्या वेळाने, भांडी आवरता आवरता : “आमच्या पेटीवाल्या बाईंकडे व्हीसीआर होता. त्यांचे यजमान काही टाकून देत नसत.”

२३ मार्च, डोंबिवली

पेटीवाल्या बाई रामनगरलाच राहतात. वय ८०. कॅसेट मिळाली! शोकेसच्या खालच्या कप्प्यात, सुती पिशवीत. बुरशीचा एक ठिपका नाही. वर शाईपेनने ‘मं. गौर, टीव्हीवरील’. मागचा प्लॅस्टिकचा चौकोन त्यांच्या यजमानांनी मोडून टाकलेला, म्हणजे तिच्यावर चुकून कुणी काही भरू नये.

२०११ मध्ये व्हीसीआरवर हे कसं भरता आलं, याचा विचार करत घरी आले. त्यांच्याकडे डिश नव्हती, केबल होती, आणि डोंबिवलीतली केबल तेव्हा अजून अ‍ॅनालॉग होती. तार थेट व्हीसीआरला जोडायची. व्हीसीआरच्या स्वतःच्या ट्यूनरने वाहिनी पकडायची आणि टायमर लावायचा. मुंबईत ऑक्टोबर २०१२ ला आणि कल्याण-डोंबिवली, पुणे, नाशिक या शहरांत मार्च २०१३ च्या अखेरीला केबलला सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. त्यानंतर व्हीसीआरला बॉक्सवर जे लागलं असेल तेवढंच दिसू लागलं, वाहिनी बदलणं त्याच्या हातात राहिलं नाही. पडद्यावरचं चित्र सुधारलं, केबलवाल्यांचा हिशेब चोख झाला, ते सगळं खरं. पण घरातल्या माणसाला स्वतःची प्रत काढायचा शेवटचा सोपा रस्ता त्या दिवशी बंद झाला, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. हा कार्यक्रम दोन वर्षांनी झाला असता तर ही कॅसेट नसती.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली आणि कॅसेट लावली. ज्या यंत्राला आजवर सगळ्यात जास्त जपलं त्याचं हेड पुन्हा साफ करून.

बाईंच्या व्हीसीआरचं घड्याळ मागे असणार, कारण सुरुवात नाही. चित्र येतं ते झिम्मा अर्ध्यावर आलेला असताना. मग फुगड्या. मग पिंगा. चौदा मिनिटं, त्यानंतर फीत संपते. मागे आधीचं काहीतरी भरलेलं होतं, त्यामुळे जागा तेवढीच उरली होती.

कोंबडा नाही.

ट्रॅकिंग दोन वेळा बदलून पाहिलं, तिसऱ्यांदा उतरवताना खालचा पट्टा गेला. पिंग्यात काकू दुसऱ्या ओळीत आहे, उजवीकडून तिसरी, जांभळी नऊवारी. पाच-सहा वेळा तिचा चेहरा पूर्ण दिसतो. एफएफव्ही१ ची प्रत दोन्ही डिस्कवर टाकली, बघायची प्रत वेगळी काढली. कार्यक्रम वाहिनीचा आहे, त्यामुळे हे कुठेही चढवणार नाही, घरात आणि मंडळात बघायला ठेवू.

संध्याकाळी काकूला फाइल पाठवली. निळ्या दोन खुणा आल्या, उत्तर आलं नाही. रात्री फोन केला.

“पाहिलीस?”

“पाहिली. कोंबडा त्याच्या नंतर होता.”

“हो, तो नाही मिळाला गं.”

“असू दे. सगळ्याजणी आहेत त्यात.”

१३ एप्रिल

५२ झाल्या. बुरशीच्या सात उरल्या, एनटीएससीची एक, आणि चार अशा की ज्यांच्यावर काही आहे की नाही तेच कळत नाही. दुपारी गॅलरीत हवेतला दमटपणा मोजला तर ६८ टक्के आला. मे उजाडायच्या आत बुरशीच्या संपवायला हव्यात, नाहीतर पुढचा कोरडा हंगाम दिवाळीनंतर.

प्रत्येक फाइलीबरोबर एक साधी मजकुराची फाइल ठेवतेय : काकांच्या रजिस्टरमधली नोंद जशीच्या तशी, शेऱ्यासकट, आणि खाली माझ्या टिपा. ‘पु.’ असलेल्यांनाही. रजिस्टरच्या सगळ्या पानांचे फोटो काढून झाले.

मंगळागौरीच्या फाइलीला रजिस्टरची नोंद नाही, म्हणून ती काकूकडून लिहून घेतली. दोघींनी आपापल्या पडद्यावर चित्र थांबवलं आणि ती डावीकडून सांगत गेली. कोण कुठल्या इमारतीत राहायची, कुणाचा आवाज चांगला, कुणी नऊवारी उसनी आणली होती. दोघी आता नाहीत. एक मुलीकडे बंगळुरूला असते. मी टाइप करत होते, ती घाई करत नव्हती. मागच्या ओळीतल्या पाचवीचं नाव मात्र तिला आठवेना. ती जागा रिकामी ठेवली.

रात्री साडेदहाला तिचा फोन आला, फक्त ते नाव सांगायला.